करून पाहायला काय हरकत आहे?

आपल्या घरांतून आजारी माणसाच्या उशाशी जी वाक्ये बोलली जातात, त्यांत एका वाक्याला फार मान आहे. 'करून पाहायला काय हरकत आहे?' हे ते वाक्य. काढ्यापासून नवसापर्यंत आणि गंड्यादोऱ्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत कशालाही ते चालते. ते उच्चारणारा माणूस बहुधा प्रेमळ असतो. आणि 'हरकत आहे' असे उत्तर देणारा माणूस त्या घरापुरता तरी निर्दय ठरतो. मी स्वतः हे वाक्य कितीदा बोललो आहे, त्याची गणती नाही. परंतु काही वर्षांपूर्वी एका घरी या प्रश्नाचे खरोखरीचे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली, आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून सहजी निघेनासे झाले आहे.

आमच्या शाळेत ड्रॉइंगचे एक सर होते. कंपास हाती न घेता ते फळ्यावर एका झोकात वर्तुळ काढीत, आणि मुले टाळ्या वाजवीत. एका पावसाळ्यात त्यांच्या हातून खडू निसटू लागला. आरंभी सर्वांना वाटले, मानेचे दुखणे असेल. मग बोटे गळाली, पाय अडखळू लागला, जीभ जड झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केले ते 'मोटर न्यूरॉन डिसीज' असे. दोन वर्षांत सर खाटेला खिळले. आणि रात्री श्वास अपुरा पडू लागला तेव्हा नाकातोंडावर मास्क लावून हवा देणारे, बायपॅप नावाचे यंत्र त्यांच्या उशाशी आले.

एका संध्याकाळी वहिनींनी मला बोलावून घेतले. सरांच्या पुतण्याने कोठून तरी काही इंग्रजी कागद मिळवले होते. शरीरात बसवण्याच्या एका यंत्राची माहिती त्यांत होती. श्वासाच्या स्नायूला तारा जोडायच्या, बाहेर एक लहानशी पेटी ठेवायची आणि पेटीतून विजेचे हलके ठोके देत राहायचे. म्हणजे स्नायू हलत राहील आणि श्वास चालत राहील. या रोगासाठी ते वापरण्यास अमेरिकेत २०११ साली परवानगी मिळाली, असेही त्यांत छापले होते. "भाऊजी, तुम्ही पुस्तकं लिहिता, इंग्रजी वाचता," वहिनी म्हणाल्या, "एवढं नीट वाचून सांगा. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा आहे, तो विकू. पण करून पाहायला काय हरकत आहे?" सर खाटेवरून माझ्याकडे पाहत होते.

मी शास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. कोश जवळ घेऊन मी ते कागद वाचले आणि जेथे अडलो तेथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. तो आता डॉक्टर आहे. त्याने मला आणखी दोन अहवाल आणून दिले. एक इंग्लंडचा, एक फ्रान्सचा. त्या अहवालांत काय होते ते सांगण्यापूर्वी हा रोग माणसाचे काय करतो, ते सांगितले पाहिजे.

या रोगाच्या मुख्य प्रकाराचे वर्णन झाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच वैद्याने १८६९ साली केले. आपण हात उचलायचे ठरवतो तेव्हा मेंदूतून निघालेली आज्ञा मज्जारज्जूतील चेतापेशीकडे येते, आणि त्या पेशीच्या लांब तंतूवरून स्नायूपर्यंत पोचते. आज्ञा वाहणाऱ्या या पेशीच या रोगात एकामागून एक मरतात. ज्या स्नायूला आज्ञा मिळत नाही तो वाळत जातो. डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, अंगावर माशी बसली तर कळते. फक्त ती हाकलता येत नाही. काहींच्या विचारशक्तीवरही परिणाम होतो, परंतु पुष्कळांची बुद्धी शाबूत राहते आणि आपल्याच देहाचा एकेक दरवाजा बंद होताना ती पाहत बसते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा एक स्नायू आहे. तो खाली ओढला गेला की छातीत हवा शिरते. त्याची मज्जा मानेतून निघते. एके दिवशी रोग तेथेही पोचतो. बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षांत जातात, आणि बहुतेक श्वास थकल्यानेच जातात.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची एक गोष्ट आहे. श्रेष्ठ कोण, हे ठरवण्यासाठी वाणी, डोळा, कान आणि मन ही एकेक वर्ष देह सोडून जातात. परत येऊन पाहतात तो देह आपला जगतोच आहे. मुका, आंधळा, बहिरा, अजाण, पण जिवंत. शेवटी प्राण निघू लागतो, तेव्हा बाकीची सारी मुळासकट उपटली जातात आणि त्याच्यापुढे हात जोडतात. सरांच्या खाटेशी बसलो असता मला ही गोष्ट वारंवार आठवे. फरक एवढाच, की गोष्टीतली इंद्रिये वर्षाने परत येतात. येथे गेलेले परत येत नाही. हात गेला, पाय गेला, वाणी गेली. आणि आता प्राण उंबरठ्यावर उभा राहिला होता. त्याला धरून ठेवणारी तार मिळते आहे म्हटल्यावर कोणता माणूस हात आखडता घेईल?

ती तार निर्माण करणारी माणसे भोंदू नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी डॉ. रेमंड ऑंडर्स आणि तेथील विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे खपून हे यंत्र तयार केले. पोटात दुर्बीण घालून श्वासपटलाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन तारा रोवतात आणि त्यांची टोके कातडीतून बाहेर काढून पेटीला जोडतात. 'सुपरमॅन'ची भूमिका करणारे नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडले आणि मानेखाली लुळे झाले. गळ्याच्या छिद्रातून हवा देणाऱ्या यंत्राशी ते जखडले गेले होते. २००३ साली त्यांना या तारा बसवल्या, आणि काही काळ तरी ते त्या यंत्रावाचून श्वास घेऊ लागले. हवा पुन्हा नाकातून जाऊ लागली तसे त्यांना वासही येऊ लागले. ज्याने आठ वर्षांत कसला वास घेतला नाही, त्याला साध्या कॉफीच्या वासाचे मोल काय वाटले असेल! मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांसाठी या यंत्राला अमेरिकेत २००८ साली परवानगी मिळाली, आणि पुढे तीन वर्षांनी ती आमच्या सरांच्या रोगालाही लागू झाली.

ही दुसरी परवानगी कोणत्या नियमाखाली दिली, ते पाहण्यासारखे आहे. त्या सवलतीच्या नावातच 'मानवता' हा शब्द आहे. जे रोग थोड्यांनाच होतात त्यांच्यासाठी मोठ्या चाचण्या करणे कठीण. म्हणून अशा रोगांवरील उपकरणाचा गुण पक्का सिद्ध करण्याची अट तेथील सरकार सोडते. संभाव्य लाभ संभाव्य धोक्यापेक्षा अधिक दिसला, की पुरे. थोडक्यात, 'करून पाहायला काय हरकत आहे?' हे आपल्या माजघरातले वाक्यच तेथे कायद्याच्या भाषेत लिहिले आहे. त्यात वाईट काही नाही. प्रेमळ माणसांनी प्रेमळ हेतूने केलेली ती सोय आहे. माझा प्रश्न प्रेमाविषयी नाहीच. प्रेमाला दिसते किती, याविषयी आहे.

रीव्ह यांचा देह आणि सरांचा देह वरून सारखेच निश्चल दिसतात. परंतु आत फरक आहे. वीजकेंद्रापासून गावापर्यंतची मोठी तार तुटली, आणि गावातल्या घराघरांतील तारा धड आहेत, अशी कल्पना करा. गावाच्या वेशीवर एक जनित्र आणून ठेवले की दिवे लागतील. ही रीव्ह यांची अवस्था. परंतु घराघरांतील ताराच जर गंजून झडत असतील, तर वेशीवरच्या जनित्राने काय होणार? कदाचित काही दिवे थोडे अधिक दिवस जळतील. कदाचित जीर्ण तारा अधिकच लवकर जळून जातील. दोन्ही तर्क बसून करता येतात. व्यायामाने स्नायू बळावतो, तेव्हा या स्नायूलाही विजेने व्यायाम द्यावा, हा तर्क कोणालाही पटेल असाच होता, मलाही पटला. तर्क गोड असला की आपण त्याच्याकडे दाखला मागत नाही, हीच तर अडचण आहे.

इंग्लंडातल्या डॉक्टरांनी दाखला मागितला. शेफील्डच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने तेथील सात केंद्रांनी २०११ च्या डिसेंबरापासून एक चाचणी सुरू केली. श्वास कमी पडू लागलेले ७४ रुग्ण त्यात आले. मास्कचे यंत्र सर्वांनाच दिले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून ३७ जणांना त्याखेरीज तारा बसवायच्या आणि ३७ जणांना फक्त मास्कवर ठेवायचे, असे ठरले.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मरणाच्या वाटेवरच्या माणसापुढे चिठ्ठ्या टाकायच्या? शाळेच्या स्नेहसंमेलनात सोडत काढतात तशी? ज्याला 'फक्त मास्क' असे उत्तर मिळाले, त्याच्या बायकोने घरी जाताना काय केले असेल, याची कल्पना मी करू लागलो आणि वाचणे थांबवले.

पण रात्री विचार करता मला आमच्या गावातील एक शिकवणी आठवली. तिचा निकाल दरवर्षी उत्तम लागतो, आणि पालक मुलांना तेथे घालण्यासाठी धडपडतात. आम्हा मास्तरांना त्यामागचे गुपित ठाऊक आहे: ते मुलांना प्रवेशच गुण पाहून देतात. हुशार मूल घ्यायचे आणि मूल हुशार झाले असे सांगायचे! यात शिकवणीचा गुण किती आणि मुलाचा किती, हे कळायचे असेल तर एकच मार्ग आहे. मुले डोळे मिटून निवडावी लागतील. तारा बसवण्याचेही तसेच आहे. शस्त्रक्रिया सोसू शकेल असाच रुग्ण डॉक्टर तिच्यासाठी निवडणार. तो अधिक जगला, तर तारेमुळे जगला की मुळात अंगात जोर होता म्हणून जगला? अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा असा चिठ्ठीने निवडलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. डॉक्टराचे मायाळू मनच येथे नकळत तराजूला पासंग लावते. देवापुढे चिठ्ठी टाकतात ती देवाची इच्छा कळावी म्हणून. येथे चिठ्ठी टाकायची ती माणसाची इच्छा बाजूला राहावी म्हणून.

मी पुन्हा अहवाल उघडला. या चाचणीवर लक्ष ठेवण्यासाठी वेगळी मंडळी नेमली होती. त्यांच्या सांगण्यावरून २०१३ च्या डिसेंबरात नवे रुग्ण घेणे थांबले, आणि २०१४ च्या जूनमध्ये ज्यांच्या पेट्या चालू होत्या त्यांनाही त्या थांबवण्यास सांगण्यात आले. कारण तारांच्या गटातील माणसे अधिक मरत होती. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. तारांच्या गटातील ३७ पैकी २८ जण गेले होते. नुसत्या मास्कच्या गटातील ३७ पैकी १९. निम्मी माणसे किती काळपर्यंत टिकली, हे माप लावले तर नुसत्या मास्कच्या गटात ते साडेबावीस महिने आले आणि तारांच्या गटात अकरा महिने.

साडेअकरा महिन्यांचा फरक. म्हणजे जवळजवळ या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचा.

असे का व्हावे, हे त्या संशोधकांनाही सांगता आले नाही. कोणाला वाटेल, दोष शस्त्रक्रियेच्या दगदगीचा असेल. परंतु त्याच सुमारास फ्रान्समध्ये दुसरी चाचणी चालू होती. तेथेही ७४ रुग्ण होते. तारा सर्वांनाच बसवल्या. मात्र निम्म्यांच्या तारांत प्रवाह सोडलाच नाही, आणि कोणाच्या तारा जिवंत व कोणाच्या मुक्या, हे रुग्णांना सांगितले नाही. इंग्लंडची वार्ता कळल्यावर २०१५ च्या जुलैत तीही थांबवली. मास्कची गरज लागेपर्यंत किंवा मरण येईपर्यंतचा काळ मुक्या तारांच्या गटात ८.८ महिने होता आणि जिवंत तारांच्या गटात ६ महिने. शस्त्रक्रिया दोघांचीही झाली होती. फरक फक्त विजेच्या ठोक्यांचा होता.

आता त्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहा. ज्याच्या वाट्याला 'फक्त मास्क' आले आणि जो स्वतःला अभागी समजून घरी गेला, तोच भाग्यवान होता. ज्याला तार मिळाली आणि ज्याच्या घरी त्या दिवशी गोड झाले असेल, त्याच्या पदरातून महिने गळून गेले. दोघांनाही हे ठाऊक नव्हते. डॉक्टरांनाही नव्हते. चिठ्ठी क्रूर वाटली खरी. परंतु चिठ्ठीवाचून सर्वांनाच तारा बसवल्या असत्या, आणि साऱ्या जगाने ते दयेचे कृत्य मानले असते. एकेक रुग्ण थोडा लवकर गेला असता, आणि घरचे म्हणाले असते, 'आम्ही काही करायचे बाकी ठेवले नाही.' ते खरेही असते. त्यांच्या प्रेमाने त्यांच्या माणसाचे दिवस कमी केले, हे त्यांना कधीच कळले नसते. ज्या नुकसानीचा पत्ताही लागत नाही, तिच्याइतकी मोठी नुकसानी कोणती?

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. 'जीव माझा आहे. तो कशावर लावायचा हे ठरवणारे तुम्ही कोण?' असे रुग्ण म्हणेल. अमेरिकेत २०१८ साली औषधांपुरता असा कायदाच झाला. असाध्य रोगाच्या माणसाला प्राथमिक चाचणी झालेले पण मान्यता न मिळालेले औषध मागता यावे, असा तो आहे. आणि त्याचे नावच 'करून पाहण्याचा हक्क' अशा अर्थाचे आहे. या हक्काला मी नाही म्हणणार नाही. ज्याचे दिवस मोजके, त्याच्यावर धाडसाची बंदी घालणारा मी कोण? रीव्ह यांनी धाडस केले नसते तर मज्जारज्जू तुटलेल्या पुष्कळांना आज मिळते ती मोकळीक मिळाली नसती. परंतु हक्क बजावायचा तर आपण काय लावतो आहोत हे माणसाला ठाऊक हवे. जुगाऱ्यालासुद्धा फड मांडण्यापूर्वी खिशात किती आहे हे माहीत असते. 'काय हरकत आहे?' या वाक्याची खरी खोट ही, की डावावर काही लागलेलेच नाही, असे ते धरून चालते. हा माणूस मरणारच आहे, तेव्हा त्याच्याजवळ गमावण्यासारखे उरले काय, असे त्याच्या पोटात दडलेले असते. त्या वाक्यात मला जे निर्दय वाटते ते हेच. ज्याच्याजवळ अकरा महिने आहेत, त्याचा एक महिना आपल्या एका महिन्याहून हलका नसतो, भारीच असतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. काही सात्त्विक माणसे म्हणतात, 'यंत्रांच्या मागे लागूच नये. वेळ आली की जाऊ द्यावे.' हेही मला मान्य नाही. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हाच रोग जडला. १९८५ साली स्वित्झर्लंडमध्ये न्यूमोनियाने ते इतके खालावले की श्वासयंत्र बंद करावे काय, असे तेथील डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला विचारले. तिने नकार दिला. गळ्याला छिद्र पाडले, आवाज कायमचा गेला. परंतु काळावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक त्यानंतर, १९८८ साली, प्रसिद्ध झाले, आणि ते २०१८ पर्यंत जगले. सर्वांच्या नशिबी असे आयुष्य नसते, हे खरे. पण यंत्र म्हणजे वैरी, असे म्हणणाऱ्याने त्यांची तेहतीस वर्षे हिशेबात धरावीत.

आणि सरांच्या उशाशी जो मास्क होता, त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्यालाही एकदा याच चाळणीतून जावे लागले. न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी ४१ रुग्णांवर चिठ्ठीनेच त्याची चाचणी घेतली आणि २००६ साली निकाल छापला. ज्यांचे गिळण्या-बोलण्याचे स्नायू फारसे गेले नव्हते, त्यांना मास्कने मध्यम मापाने २०५ दिवस अधिक मिळाले. आणि ते दिवसही अधिक सुखाचे गेले. ज्यांचे ते स्नायू गेले होते, त्यांचे आयुष्य वाढले नाही, तरी त्रास काहीसा हलका झाला. शरीरात काही रोवायचे नाही, काही कापायचे नाही. रबराचा एक मुखवटा! चमत्कार वाटावा असे त्यात काहीच नव्हते, आणि तो टिकला. जी तार चमत्कारासारखी वाटली, ती या रोगापुरती टिकली नाही. ज्या संशयाने तार हातातून काढून घेतली, त्याच संशयाने मास्क हाती दिला होता. संशय हा आशेचा शत्रू आहे असे आपण समजतो. मला वाटते, तो आशेचा मुनीम आहे. नाणे वाजवून घेतो एवढेच.

येथवर मी शहाण्यासारखे लिहिले. आता माझ्या वागणुकीविषयी लिहिले पाहिजे, नाही तर हा लेख खोटा होईल.

हे सारे मला कळले, त्यानंतर आठ दिवस मी सरांच्या घरी गेलो नाही. अहवाल माझ्या शाळेच्या पिशवीत होता. रोज संध्याकाळी त्या गल्लीच्या तोंडाशी येई आणि दुसऱ्या वाटेने घरी जाई. त्यांची आशा आपल्या हाताने कशी विझवायची, असे मी स्वतःला विचारी. आणखी चार दिवस आशेत गेले तर काय बिघडते, असेही म्हणे. या माझ्या टाळाटाळीला मी दया असे नाव दिले होते. इकडे जमिनीला गिऱ्हाईक पाहणे चालू झाले होते.

नवव्या दिवशी गेलो. सरांच्या समोर बोलावे की वहिनींना बाहेर बोलावून सांगावे, याचा मी विचार करीत होतो; पण वहिनी म्हणाल्या, "इथंच सांगा. त्यांना सगळं कळतं." मग मी सारे सांगितले. ७४ माणसे, चिठ्ठ्या, अकरा महिने, साडेबावीस महिने. एकही आकडा गाळला नाही. वहिनी भिंतीकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथल्या बायकांनीही असंच विचारलं असेल." मी काही बोललो नाही.

सरांनी डोळ्यांनी खूण केली. वहिनींनी वर्णमालेचा तक्ता आणला. त्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि हवे ते अक्षर आले की सर पापणी मिटत. एकेक अक्षर जुळवून एक शब्द तयार झाला: 'केव्हा'.

"केव्हा काय?" वहिनींनी विचारले. सर माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला कळले. हे तुम्हाला केव्हा कळले, असे ते विचारीत होते. मी खरे ते सांगितले. त्यांनी पापणी मिटली नाही, दुसरे अक्षरही मागितले नाही. नुसते पाहत राहिले.

त्या दृष्टीत राग होता की नाही, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. पण माझ्या दयेचा हिशेब मला त्या क्षणी समजला. लोक आशेच्या नावाने आजाऱ्याचे दिवस खर्चतात म्हणून मी मनातून त्यांना दोष देत होतो. आणि मी स्वतः त्याचे आठ दिवस करुणेच्या नावाने खर्चून बसलो होतो. 'करून पाहायला काय हरकत आहे' आणि 'सांगायला थोडा उशीर झाला तर काय हरकत आहे', ही एकाच आईची दोन लेकरे. दोन्हींत दुसऱ्याचे दिवस आपल्या मालकीचे धरलेले असतात. त्या आठ दिवसांत सरांना काय करायचे होते, कोणाला बोलावायचे होते, जमिनीचे काय व्हावे असे वाटत होते, हे मी विचारलेच नव्हते. खरे ऐकण्याचा हक्क माणसाला असतो, असे आपण म्हणतो. तो वेळेवर ऐकण्याचा हक्क असतो, हे मला तेव्हा कळले.

आणि आणखी एक देणे आहे. शेफील्डच्या त्या चाचणीत आलेल्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत. आपल्याला तार मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, स्वतःसाठी वेळ थोडा उरलेला असताना, त्यांनी चिठ्ठी मान्य केली. त्यांतल्या अनेकांनी ती अर्थातच आशेने मान्य केली असेल. हौतात्म्याच्या हौसेने कोणी दवाखान्यात जात नाही. परंतु त्यांनी चिठ्ठी मान्य केली म्हणूनच हजारो कोसांवरच्या एका तालुक्याच्या गावी, एका ड्रॉइंगच्या मास्तराच्या खाटेशी, कोणी तरी 'हरकत आहे' असे सांगू शकले. आपण रक्तदात्याचे, नेत्रदात्याचे ऋण मानतो. ज्यांनी आपल्या उरल्यासुरल्या महिन्यांतून जगाला एक 'नाही' मिळवून दिला, त्यांचेही ऋण मानले पाहिजे. 'होय' शोधून काढणाऱ्यांचे पुतळे उभारतात. 'नाही' शोधून देणारी माणसे नावावाचून जातात.

जमिनीचा तुकडा विकला गेला नाही. थोडे पैसे काढून वहिनींनी बायपॅपसाठी इन्व्हर्टर आणि एक जादा बॅटरी घेतली. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री-अपरात्री वीज जाते, आणि सरांना सर्वांत मोठी धास्ती तिचीच होती. त्यानंतर त्यांनी एक दिवाळी पाहिली. मुलांनी अंगणात काढलेला किल्ला पाहण्यासाठी खाट ओट्यावर आणली होती. किल्ल्याचा बुरूज एका अंगाला कलला आहे, असे त्यांनी तक्त्यावरून कळवले, आणि मुलांनी तो पुन्हा लिंपला.

तार बसवली असती तर ती दिवाळी त्यांना दिसली नसती, असे मी म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हेच तर मी त्या अहवालांतून शिकलो.